माझं ताट धुळ्याच्या पडद्यावर

आमच्या घरात भाकरीची टोपली रात्री रिकामी ठेवत नही. मी लग्न होऊन आली तवाच सासूनं मले हे सांगून ठेवलं. सारे जेवले, भांडे घासून झाले, का टोपलीत एक भाकर फडक्यात गुंडाळून राहू द्याची. रात्री घरात लक्ष्मी फिरते, तिनं फडकं उचलून पाह्यलं तर तिले टोपली रिकामी दिसू नये, असं सासू म्हने. सकाळी ती भाकर शिळी झालेली असे. मंग ती खाईन कोन? कामावर जानाऱ्या मानसाले ताजी पाह्यजे. लेकरं शिळी खात नही. म्हनून घरातली मोठी बाई ती खाये. तवा सासू खाये. सासू गेली अन् मी घरात मोठी झाली, तवापासून मी खात आली. मले कोनी सांगितलं नही, का खाय म्हनून. तिची जागा आली तशी तिची भाकरही आली.

आमचं गाव जामनेरच्या रस्त्याले. आता घरात काही कमी नही, हे आधीच सांगते, नही तर पुढचं तुम्हाले उलटं समजीन. लेकाची केळी हाये, थोडी कपाशी हाये. गॅस हाये, फ्रीज हाये. चूलही हाये, कारन भाकर आम्हाले चुलीचीच लागते. सून धुळ्याची. ती आली तवा मी मनात म्हटलं व्हतं, धुळ्यासारख्या शहरात वाढलेली पोरगी, तिले शेन-गोठा झेपन का? तिनं सारं झेपवलं. इतक्या वर्षांत तिनं मले उलटून उत्तर दिलं नही, अन् मी तिले जेवत्या ताटावरून उठवली नही. सासू-सुनेत याच्याहून जास्त काय लागते.

पन वाईट दिवस मी पाह्यले हाये. मोठा दुष्काळ पडला तवा मी नवी नवरी. आम्ही सासू-सुना रस्त्याच्या कामावर खडी फोडे. बोटाले चिंध्या बांधाच्या अन् हातोडी चालवाची. सरकारी लाल मिलो, बाहेरदेशची ज्वारी, मिळे, त्याची भाकर थापली का तव्यावरच चिरे. त्या सालात एका रात्री आमची टोपली रिकामी राह्यली. सासूनं फडकं झटकलं, त्याची घडी केली, अन् घडी टोपलीत ठेवून दिली, भाकर ठेवतात तशी. तिचं तवाचं तोंड मले आजबी दिसते. पुढं दिवस पालटले, पन टोपलीत भाकर हाये हे हात लावून पाह्यल्याशिवाय मी कधी अंथरुनावर पडली नही. अन् सकाळी ती भाकर खाताना मले कधी वाईट वाटलं नही. उलट बरं वाटे, का चला, रात्र भरल्या टोपलीची गेली.

माझी नात जळगावात शिकली. मानसानं काय खावं, किती खावं, याचं शिक्षन असते, हे मले तिच्यामुळं कळलं. आता ती जळगावच्या एका दवाखान्यात हाये, साखरेच्या अन् बीपीच्या लोकाईले ताट कसं वाढून घ्याचं ते सांगते. तिच्या कॉलेजच्या बाईनं तिले सांगितलं, का खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया खरंखुरं काय खातात हे कोनी पाह्यलेलं नही, ते तू पाह्य. घरोघर जाऊन ताट मोजाचं. जेवाच्या आधी एकदा, जेवल्यावर एकदा, अन् ताटाचा फोटो काढाचा. त्याच्यासाठी तिनं लहानसा काटा आनला व्हता. मी म्हटलं, आता भाकर तोळ्यावर मोजतं का व? ती म्हने, ग्रॅमवर, आजी.

पन पँट-शर्ट घातलेल्या पोरीले स्वयंपाकघरात कोन येऊ देते. म्हनून ती मले संगं ने. जामनेरकडच्या गावाईले गेलो, भडगावकडं गिरनेच्या काठच्या गावाईले गेलो. म्हातारी बाई दिसली का दुसऱ्या म्हातारीले बसाले पाट मिळतो, मंग पोरगी आपोआप आत जाते. सकाळी निरोप द्याचा, का आम्ही जेवनाच्या वक्ताले येतो. अन् जेवनाच्या वक्ताले जावं तर काय, प्रत्येक म्हातारीचं ताट भरलेलं. वरनावर तूप, शेवभाजी, पापड, दह्याची वाटी. एका घरी तर साध्या मंगळवारी खापरावरचे मांडे केले व्हते. त्या घरची म्हातारी आपल्या ताटाकडं असं पाहे, का शेजारनीचं ताट चुकून आपल्या पुढं आलं. सून तिच्या मांगं उभी राहून आग्रह करे, का घ्या ना आई, रोज तर घेतात. म्हातारीनं माझ्याकडं एकदा पाह्यलं अन् मांडा मोडला. नात काट्यावर ताट ठेवे अन् लिहून घे.

परत येताना एसटीत मी तिले म्हटलं, का हे ताट आपल्यासाठी हाये, त्या म्हातारीसाठी नही. पाव्हनं येनार म्हटलं का कोन शिळं वाढीन? ती म्हने, मंग खरं ताट मी पाहू कुठी, आजी? जठी जाते तठी मी पाव्हनीच. मी म्हटलं, हे तुझ्या शिक्षनानं सांगावं, मले काय कळते.

पुढं एक दिवस ती सुट्टीले घरी आली व्हती. सकाळची वेळ. मी मांगच्या दारात पाय पसरून बसली व्हती. टोपलीतली भाकर वाळून कडक झाली व्हती, म्हनून अर्धी पान्यात भिजू घातलेली. ताटात उरलेली अर्धी, ठेचा अन् कांदा. ती दारात येऊन उभी राह्यली. फोन काढला. मी म्हटलं, तोंड नको घेऊ माझं. ती म्हने, तोंड नही घेत, फक्त ताट घेते. मी म्हटलं, घे. तोंड नही तर कोनाले काय कळनार. तिनं फोटो काढला, काटा आनून ताट मोजलं, अन् चहा प्याले गेली.

आता त्या ताटाचं सांगावं लागीन. सुनेच्या लग्नात तिच्या बापानं आंदनात जाड पितळी भांडे अन् स्टीलची ताटं दिली व्हती. आपल्याकडं रीत हाये, देनाऱ्याचं नाव भांड्यावर कोरतात. तसं प्रत्येक ताटाच्या काठावर व्याह्याचं नाव कोरलेलं. सून ती ताटं आजबी पाव्हन्याले काढते. त्यातलं एक माळ्यावरून पडलं अन् त्याचा काठ दबला. दबलेलं ताट पाव्हन्यापुढं कसं ठेवावं, म्हनून तिनं ते बाजूले टाकलं. मी म्हटलं, इतकं भारी ताट, दबलं म्हनून काय झालं, अन् ते मी माझं करून घेतलं. मी दोन यत्ता शिकलेली. काठावरचे अक्षरं मले लावून लावून वाचता येतात. पन आपल्या रोजच्या ताटावरचं नाव कोन वाचत बसते.

धुळ्याले आहार सांगनाऱ्या लोकाईची मोठी परिषद भरनार व्हती. नातीचं काम त्यात निवडलं. ती स्टेजवर उभी राहून बोलनार, पडद्यावर फोटो दाखवनार. घरात गोड झालं. पन नातीपेक्षा जास्त आनंद सुनेले झाला, कारन परिषद धुळ्याले, अन् धुळं तिचं माहेर.

तिच्या माहेराचं असं, का ते दुकानदार लोक. पोरगी खेड्यात दिली याचं तिच्या भावजयीले लग्नापासून कवतिक नव्हतं. सून माहेरी गेली का भावजय तिच्या हाताच्या भेगा पाहे अन् विचारे, का ताई, काम भलतं पडस का? अन् सून दर वेळी सांगे, का माझ्या घरी काही कमी नही, माझी सासू मले मायसारखी हाये, मी बी तिले मायसारखी ठेवते. धुळ्यात तिचं घर म्हनजे तिनं सांगितलेलं घर. तिचा बाप आता नही. पन बाप असताना त्यानं एकदा साऱ्यांदेखत म्हटलं व्हतं, का माझी पोरगी जठी गेली तठी तिनं माझं नाव राखलं. ती गोष्ट सुनेनं मले किती वेळा सांगितली असन. म्हनून तिनं भावजयीले फोन करून बोलावलं, का ये, माझी पोरगी कशी बोलते ते पाह्य.

आम्ही तिघी सकाळच्या गाडीनं गेलो. सुनेनं नवं लुगडं म्हनजे साडीच, पन भारी, नेसली. मले बी तिनं इरकली काढून दिली अन् स्वतःच्या हातानं निऱ्या नीट केल्या. हॉल मोठा. गादीच्या खुर्च्या, अन् गारवा इतका का मी पदर दोन्ही खांद्यावर घेतला. साऱ्याईच्या गळ्यात नावाची पाटी. भावजय आली, माझ्या पाया पडली, सुनेजवळ बसली.

दुपारी जेवन उभ्यानं व्हतं. आपलं ताट घ्याचं अन् टेबलावरून वाढून घ्याचं. ज्वारीचं, नाचनीचं, काय काय केलं व्हतं अन् प्रत्येकापुढं चिठ्ठी लावलेली. मले काही ते जमलं नही. मी बाजूले उभी राह्यली, का आधी सारे घेतीन, मंग आपन घेऊ. एक गेला का दुसरा येये. मी म्हने, घ्या, तुम्ही घ्या. सून नातीच्या कॉलेजच्या बाईसंगं बोलत व्हती. पाहता पाहता पोरं टेबलं आवरू लागली, अन् माझ्या ताटात गार भात अन् तळाची डाळ आली. भावजय हात धुऊन येत व्हती, तिनं पाह्यलं. म्हने, "आठे कोनी वाढाले येस नही माय, आपला हाते ली लेनं पडस." इथं आपल्याच हातानं घ्या लागते, असं हसून म्हटलं तिनं. मी बी हसली. सुनेनं ते ऐकलं अन् पळत जाऊन माझ्यासाठी कुठून तरी एक ऊन थालीपीठ घेऊन आली. भावजय ते बी पाहत व्हती.

मंग नातीची पाळी आली. मले तिचा अभिमान वाटला हे खोटं कशाले सांगू. घरात ती बोलते तसं नही, स्वच्छ शहरी बोलत व्हती. घाबरली नही. आधी पडद्यावर रंगीत रेघा आल्या, त्या मले कळल्या नही. मंग ताटं आली. तूप, शेवभाजी, ते मांडे. मी सुनेले कोपरानं खुनावलं, का हे त्या भडगावकडच्या गावचं. सून हसली. नात म्हने, "ही ताटं खरी नाहीत. मी पाहुणी होते, म्हणून ही ताटं मला दाखवली गेली. घरोघर मी मोजलं ते अन्न नव्हतं, घराची अब्रू होती." हॉलमधे लोक मान डोलवू लागले. मले वाटलं, हे तर मीच तिले एसटीत सांगितलं व्हतं, पन तिनं किती नीट मांडलं.

मंग ती म्हने, "आणि हे एक ताट. हे कोणी सजवलेलं नाही."

पडद्यावर माझं ताट आलं. भिंतीएवढं. अर्धी भाकर, तिच्या काठाले वाळून गेलेल्या चिरा, ठेच्याचा गोळा, कापलेला कांदा. बाजूले वाटीत पान्यात फुगलेले तुकडे. जवळून काढलेला फोटो, त्यामुळं सारं दिसे. दबलेला काठ दिसे. अन् काठावरचे अक्षरं, एक एक अक्षर माझ्या हाताएवढं.

सुनेचा हात माझ्या हातावर व्हता. तो तिनं काढून घेतला नही, पन तो हात एकदम निर्जीव झाला, झोपलेल्या लेकराचा असतो तसा. तिच्या पलीकडं भावजय पुढं वाकली. तिनं हळूच, ओठातल्या ओठात वाचलं, अन् मंग सुनेले म्हने, "हाई त आमना मामासनं नाव शे."

मामा म्हनजे तिचा सासरा. सुनेचा बाप.

नात बोलत व्हती, का वय झालेली बाई सगळ्यांच्या शेवटी खाते, शिळं खाते, दूध-डाळ तिच्यापर्यंत पोचत नाही. ते मी ऐकत व्हती अन् मले वाटे, हे कोनाचं तरी दुसऱ्याचं चाललं हाये. कोनी जीभ चुकचुकली. कोनी फोटोचा फोटो काढला. माझं लुगडं कोनी भर बाजारात ओढलं असतं तरी मले इतकी लाज वाटली नसती. कारन ती लाज माझी एकटीची राह्यली असती.

बोलनं संपलं. मंग प्रश्न विचाराचे असतात. पहिल्या रांगेतून एक मोठ्या बाई उठल्या, पांढरे केस, बाहेरगावच्या. आवाज मायेचा व्हता, त्यांचा दोष मी काढत नही. त्याईनं नातीले विचारलं, "या आजींच्या घरात कोण आहे? सून आहे का? तिच्याशी तुम्ही बोललात का, की सासूला ती असं का वाढते?"

नात माइकपुढं उभी राह्यली. तिनं पडद्याकडं पाह्यलं. मले वाटते तिनं तवाच पहिल्यांदा काठावरचं नाव पाह्यलं. मंग तिनं आमच्याकडं पाह्यलं, अन् तिचं तोंड लहानपनी मातीचा घडा फोडला का व्हये तसं झालं.

मी गप बसली असती तर त्या हॉलमधे कोनाले काही कळलं नसतं. तोंड कुठं दिसत व्हतं. पन भावजयीले कळलं व्हतं. अन् मी गप बसली म्हनजे सुनेनं सासूले उपाशी ठेवलं हे तिच्या माहेरासमोर खरं झालं असतं, तिच्या बापाच्या नावाच्या ताटात. बोलली तर सारा हॉल पाहीन, पन एक डाव तिच्यावरचा ठपका जाईन. मी उठली. गुडघे लवकर सरळ व्हत नही, खुर्चीले धरून उठली.

मी म्हटलं, "बाई, ते ताट माझं हाये. माझ्या सुनेनं मले कधी शिळं वाढलं नही. टोपली रिकामी ठेवू नये म्हनून एक भाकर राहते, ती मी माझ्या हातानं घेते."

कोनी तरी माइक आनून माझ्या तोंडापुढं धरला. आता माझा श्वासही साऱ्याईले ऐकू येये. त्या बाई म्हटल्या, "रोज?"

मी म्हटलं, "रोज."

"आणि ताजी भाकरी?"

"ती बाकीचे खातात."

"तुमच्याआधी ती शिळी भाकरी कोण खात होतं, आजी?"

"माझी सासू."

मंग त्या बाईनं विचारलं, अगदी हळू, "आणि तुमच्यानंतर कोण खाईल?"

मी उत्तर द्याले तोंड उघडलं, अन् माझी नजर खाली सुनेवर गेली. ती मांडीवर हात ठेवून बसली व्हती. मान खाली. नव्या साडीच्या निऱ्या अजून मोडल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मी म्हने टोपली लक्ष्मीची. पन माझ्या मांगं तिनं दारात पाय पसरून बसावं, अन् ती भाकर पान्यात भिजवावी, हे मी तिच्यासाठी राखून ठेवलं व्हतं, जसं काही दागिना राखते. मी खाली बसली.

अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या. खूप वेळ. कोनी कोनी उभं राहून. त्याईले काय वाटलं मले माहीत नही. मी सुनेचं नाव सोडवाले उठली व्हती, अन् 'रोज' म्हनून ते अजून बांधून आली व्हती.

याच्यापुढं जे झालं ते सांगाले मले जड जाते. संध्याकाळी समारोप झाला, तवा त्याईनं नातीचं नाव पुकारलं, अन् मंग मले स्टेजवर बोलावलं. हाताले धरून नेलं. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. शिळी भाकर खाल्ल्याची शाल. फोटो काढले, आता तोंडासगट. मी खाली पाहत उभी राह्यली. त्या उजेडात समोरचं काही दिसे नही, पन आमची सून कोन्या रांगेत बसली हाये ते मले डोळे मिटून बी सांगता आलं असतं.

बाहेर पडताना भावजयीनं चहाले घरी चला म्हटलं. सुनेनं गाडीची वेळ झाली सांगितलं. भावजयीनं तिचा हात धरला अन् फाटकाजवळ तिले म्हने, "काही कमी शे ते सांगत जा ताई. भाऊ शे तुमना."

सुनेनं मान हालवली. इतक्या वर्षांत जे ती कधी ऐकून घेत नव्हती ते तिनं ऐकून घेतलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी मधे, नात माझ्या बाजूले. शाल अन् नारळ माझ्या मांडीवर, कुठं ठेवू ते कळेना. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. एरंडोलच्या पुढं नात रडकुंडीले येऊन म्हने, "मम्मी, ते नाव मी पाह्यलंच नव्हतं. तोंड नही घेतलं म्हनून मले वाटलं कोनाचंच नही ते ताट."

सून खिडकीबाहेर पाहत म्हने, "नाव नही दिसलं तुले. ताट वाढनारी तरी दिसाची व्हती."

नात म्हने, "तू कुठी वाढते मम्मी, आजी स्वतःच घेते."

"तेच तं." इतकंच ती म्हने. मंग माझ्याकडं न पाहता, "इतके वर्षं मी रोज त्याईले घेताना पाह्यते. एकदा बी मी म्हटलं नही, का आई, राहू द्या."

मले तिले सांगावं वाटलं, का तुझी चूक नही, मी बी सासूले कधी म्हटलं नही. पन ते सांगून काय झालं असतं. ते तर अजूनच वाईट.

घरी आलो. तिनं स्वयंपाक केला, सारे जेवले. लेकानं विचारलं कसं झालं, नात म्हने चांगलं झालं. मी जाऊन पडली. त्या रात्री मी टोपलीले हात लावून पाह्यलं नही. पहिल्यांदाच.

सकाळी उठली, तोंड धुतलं, अन् सवयीनं टोपलीकडं गेली. फडकं उचललं. आत भाकर नव्हती. तो नारळ ठेवलेला व्हता, धुळ्याचा, तसाच कुंकू लावलेला. सुनेनं ठेवला व्हता. टोपली रिकामी नव्हती, अन् खायाले बी काही नव्हतं. मी फडकं तसंच झाकलं.

सून चुलीपुढं बसली व्हती. गोठ्यात गाय काही तरी चघळत व्हती, भाकर तिले गेली हे मी समजली. सुनेनं पहिली भाकर तव्यावरून काढली, फुगलेली. एक ताट घेतलं, त्यातलं, बापानं दिलेल्यातलं, पन न दबलेलं, पाव्हन्याचं. भाकर त्यात ठेवली, वर लोनी, बाजूले वरनाची वाटी. माझ्यापुढं सारलं. म्हने, "बसा, आई."

मी म्हटलं, आधी लेकाले दे, त्याले बागेत जाचं हाये. लेक दारात उभाच व्हता, हात धुऊन. सुनेनं पिठाचा गोळा हातात घेतला व्हता, तो तिनं परातीत ठेवून दिला. म्हने, "तुम्ही खाल्ल्याशिवाय मी दुसरी थापत नही."

लेकानं एकदा माझ्याकडं पाह्यलं, एकदा तिच्याकडं, अन् काही न समजून बाहेर जाऊन बसला. मी ताटापुढं बसली. पाट बी पाव्हन्याचा व्हता. चूल जळत व्हती, तवा तापून धूर सोडे, अन् ती तशीच बसलेली, माझ्या हाताकडं पाहत. मी घास मोडला. बोटं भाजली. ऊन भाकर मोडाची माझी सवय कधीच गेलेली. खडी फोडली तवा हात दुखत, पन कोनी पाहत नसे. आता घरातला पहिला घास माझ्या हातात, अन् भुकेला लेक बाहेर. मी पान्याच्या घोटासंगं तो घास उतरवला. मंग दुसरा. ताट संपलं तवा तिनं गोळा उचलला.

त्याले आता बरेच दिवस झाले. नात धुळ्याच्या कामाचं पुढं काही करते, परवा म्हने, आजी, तुझं ताट नही दाखवनार आता. मी म्हटलं, दाखव, पन ते नाव पुसून दाखव. दबलेलं ताट सुनेनं कुठं ठेवलं मी विचारलं नही. नारळ टोपलीत हाये. भाकर रोज पहिली मले येते, त्याच पाटावर, त्याच ताटात.

मी ती लगेच खात नही. जरा तशीच ठेवते, गार होऊ देते. सून पाहते. रोज एकदाच म्हनते, ऊन हाये तवर खा, आई. मी म्हनते, खाते. अन् बोट लावून पाहते, गार झाली का.